ॲडमिनच्या हातात काय येतं: गोव्यातल्या ग्रुपांसाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक आणि डिस्कोर्स

पेडण्यापासून काणकोणपर्यंत वाड्याचा, देवस्थानाचा, भजनी मंडळाचा, नाट्यमंडळाचा असा एकेक ग्रुप असतोच. वीज गेली, नळाला पाणी नाही, रायबंदर-चोडण फेरीबोट बंद, पालखी किती वाजता, एवढंच चालू असतं तोवर ॲडमिनला फारसं काम नसतं. काम येतं ते ग्रामसभेच्या आदल्या रात्री, कुणाच्या तरी डोंगराचं रूपांतर (बांधकामासाठी जमिनीचा वापर बदलणं) उघड झालं की, महाजनांच्या (देवस्थानावर हक्क असलेल्या घराण्यांच्या) यादीवरून, किंवा पंचायत निवडणूक लागली की. पंचायतीला पक्षांची चिन्हं नसतात, त्यामुळे ते भांडण पक्षाचं राहत नाही. माणसाचं आणि घराचं होतं. त्यातच कुणी १९८७ च्या राजभाषा कायद्याचा विषय काढला, तर मराठी-कोकणी वाद पहाटेपर्यंत.

अशा रात्री ॲडमिनच्या हाताशी कोणती बटणं आहेत, एवढंच इथं तपासलं आहे. कॉल कसा लागतो, स्टिकर किती छान आहेत, हा या परीक्षणाचा विषय नाही. कसोटी एकच: समज देणं आणि हाकलून देणं, या दोन टोकांच्या मधे किती पायऱ्या मिळतात. गोव्यात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण ग्रुपमधून काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच फेरीत, त्याच पोदेराच्या (पाववाल्याच्या) दारात, त्याच जत्रेत भेटतो. हकालपट्टी इथं स्वस्त नाही.

व्हॉट्सॲप: सगळे तिथंच, पण मधली पायरी नाही

गावातली आजीही व्हॉट्सॲपवर आहे. या एका कारणासाठी बाकीच्या सगळ्या उणिवा सहन केल्या जातात. ग्रुपची मर्यादा २०२२ मध्ये १,०२४ सदस्यांपर्यंत गेली, म्हणजे मध्यम आकाराचं अख्खं गाव एका ग्रुपात मावतं. आणि तिथंच अडचण सुरू होते, कारण परवानग्यांची रचना अजूनही घरगुती ग्रुपची आहे.

ग्रुपच्या परवानग्यांत मुख्यतः चार गोष्टी ठरवता येतात: ग्रुपचं नाव-फोटो कोण बदलणार, मेसेज कोण पाठवणार, नवे सदस्य कोण घेणार, आणि येणाऱ्याला ॲडमिनची मंजुरी लागणार का. पहिली आणि तिसरी परवानगी ॲडमिनपुरती ठेवा, चौथी चालू करा. ग्रुपचा दुवा कुणी सार्वजनिक पानावर चिकटवला असेल तर तो ‘रीसेट’ करा. जुना दुवा तिथल्या तिथं निकामी होतो. एवढं न केलेल्या ग्रुपात कर्जवाले आणि जुगाराचे ॲप विकणारे शिरतात, आणि मग ॲडमिनचा निम्मा वेळ त्यांच्यामागेच जातो.

दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढण्याचा अधिकार ॲडमिनला ऑगस्ट २०२२ च्या सुमारास मिळाला. चांगली सोय, पण तिला एक काटा आहे: मेसेजच्या जागी कोणत्या ॲडमिनने तो काढला ते नावासकट सगळ्यांना दिसतं. पारदर्शकता म्हणून हे योग्यच. पण लहान गावात त्याचा अर्थ ‘अमक्याने तमक्याचा मेसेज उडवला’ असाच लागतो, आणि मूळ विषय बाजूला पडून नवं भांडण त्या नावावर सुरू होतं. म्हणून तीन-चार ॲडमिनांचा वेगळा छोटा ग्रुप हवा. मेसेजचा स्क्रीनशॉट आधी तिथं टाकावा, दोघांनी हो म्हणावं, मगच तो काढावा. शक्यतो उमेदवाराचा नातेवाईक असलेल्या ॲडमिनने निवडणुकीच्या महिन्यात बोट लावू नये. आणि हेही लक्षात ठेवावं की मेसेज काढला तरी कुणाच्या फोनच्या गॅलरीत आधीच उतरलेला फोटो तिथं राहू शकतो.

आता खरी उणीव. एका सदस्याला दिवसभर किंवा आठवडाभर बोलण्यापासून थांबवण्याची सोय व्हॉट्सॲपवर नाही. त्यामुळे तीनच मार्ग उरतात: त्याचा एकेक मेसेज काढत बसा, त्याला बाहेर काढा, नाहीतर अख्खा ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करा. बहुतेक ग्रुप तिसरा मार्ग धरतात. रात्री ११ ला कुलूप लावायचं आणि सकाळी ७ ला काढायचं, इतपत तो बराही आहे. बिघडतं ते कुलूप काढायचं राहतं तेव्हा. दोन दिवस ग्रुप बंद राहिला की गावातले बोलके लोक दुसरा ग्रुप काढतात, आणि त्यांच्याकडे एकही ॲडमिन थंड डोक्याचा नसतो. कुलूप लावतानाच उघडण्याची वेळ लिहा: ‘उद्या सकाळी ७ पर्यंत ग्रुप बंद, पाण्याची तातडीची तक्रार ॲडमिनला पाठवा.’

आणखी काही खाचखळगे. ज्याने ग्रुप काढला त्याला दुसरा ॲडमिन बाहेर काढू शकत नाही, तो स्वतः निघेपर्यंत ॲडमिनच राहतो. म्हणून ग्रुप काढणारा नंबर मंडळाच्या कायमच्या माणसाचा असावा, उत्साही कार्यकर्त्याचा नव्हे. एकुलता एक ॲडमिन निघून गेला तर सदस्यांपैकी कुणीही एक जण आपोआप ॲडमिन होतो. तो कोण असेल यावर तुमचा ताबा नाही. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी नाहीसे होणारे मेसेज वाद होणाऱ्या ग्रुपात बंदच ठेवावेत, कारण तक्रार येते तोवर पुरावा गेलेला असतो. दुहेरी बाणाची खूण असलेला फॉरवर्ड एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, हा वेगाला घातलेला लगाम आहे, खरेखोटेपणाचा शिक्का नाही.

नंबर सगळ्यांना दिसतो ही गोष्ट मात्र किरकोळ नाही. ग्रुपात एखादी बाई कचऱ्याबद्दल ठामपणे बोलली की तिला खासगी मेसेज सुरू होतात, आणि पुढच्या वेळी ती बोलत नाही. ॲडमिनला हे दिसतच नाही, कारण घडतं ते ग्रुपच्या बाहेर. ‘कम्युनिटी’च्या (अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या सोयीच्या) घोषणा ग्रुपात सामान्य सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले असतात, पण तिथं नवी घोषणा फक्त ॲडमिनच टाकू शकतात. कंपनीकडे तक्रार केली तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज तिच्याकडे जातात. २०१६ पासून सगळा मजकूर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) असल्याने त्यापलीकडे ती काही वाचू शकत नाही. थोडक्यात, आतली शिस्त तुमची तुम्हीच.

टेलिग्राम: हत्यारं भरपूर, माणसं कमी

नेमकी जी मधली पायरी व्हॉट्सॲपवर सापडत नाही, ती टेलिग्रामवर मिळते. सदस्याच्या नावावर जाऊन त्याच्या एकट्याच्या परवानग्या बदलता येतात: लिहिणं चालू पण फोटो-व्हिडिओ बंद, दुवे बंद, किंवा सगळंच बंद, तेही एक दिवस, एक आठवडा, एक महिना किंवा हवी ती तारीख टाकून. मुदत संपली की परवानगी आपोआप परत. ॲडमिनला आठवण ठेवावी लागत नाही आणि त्या माणसाला हात जोडून परत यावं लागत नाही. गोव्यातल्या ग्रुपसाठी टेलिग्रामचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे. तो माणूस ग्रुपात असतो, सगळं वाचतो, पालखीची वेळ त्याला कळते. फक्त सात दिवस बोलत नाही.

दुसरी सोय ‘स्लो मोड’ची. १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं, १५ मिनिटं, १ तास, असं अंतर लावता येतं. तेवढ्या वेळात एकाला एकच मेसेज. ग्रामसभेच्या रात्री ५ मिनिटं लावून पाहावं. दोघंच जण शंभर मेसेजांची फैर झाडतात ती थांबते आणि तिसऱ्याला बोलायला जागा होते. १ तास मात्र जाच आहे. त्यापेक्षा सरळ बंद केलेलं बरं. १० सेकंदांचा उपयोग फक्त यंत्राने होणाऱ्या भडिमारावर.

ॲडमिनांचेही अधिकार वाटून देता येतात: एकाला फक्त मेसेज काढण्याचा, दुसऱ्याला नवे घेण्याचा, तिसऱ्याला बंदी घालण्याचा. आणि ‘अलीकडील कृती’ या नोंदवहीत कोणी काय काढलं, कोणाला अडवलं, हे ४८ तास दिसतं, काढलेल्या मेसेजसकट. ४८ तास ही मुदत तोकडी आहे. शनिवारी रात्रीची तक्रार सोमवारी रात्री तपासायला बसलात तर नोंद गेलेली असण्याची शक्यता आहे, तेव्हा स्क्रीनशॉट त्याच दिवशी.

वाईट बाजू लहान नाही. ग्रुपचं संभाषण टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतं. दोन लाखांपर्यंत सदस्य घेणाऱ्या या व्यवस्थेत सार्वजनिक नाव दिलेल्या ग्रुपवर परदेशी खात्यांची धाड पडते. गावच्या ग्रुपला सार्वजनिक नाव देऊच नये, खासगी दुवा पुरे. कंपनीच्या स्वतःच्या देखरेखीवर विसंबता येत नाही हे वेगळं सांगायला नको: संस्थापक पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली, ती याच ढिलाईच्या आरोपांतून. आणि वाड्यातले साठीपुढचे लोक टेलिग्राम उतरवून घेत नाहीत, हे वास्तव कोणत्याही सेटिंगने बदलत नाही.

शब्द गाळणारे बॉट, आणि चोर्ला घाट

टेलिग्रामवर ‘रोज’ (Rose) सारखे तयार बॉट, म्हणजे आपोआप काम करणारी खाती, मिळतात. ताकीद मोजणं, नको ते शब्द असलेला मेसेज काढणं, नव्या माणसाला नियम दाखवणं, ही कामं ते करतात. ‘रोज’मध्ये ताकिदींची मर्यादा मुळात तीन असते, ती बदलता येते. बॉटला ॲडमिन केलं की ग्रुपातला प्रत्येक मेसेज त्याच्यापर्यंत, म्हणजे तो चालवणाऱ्यापर्यंत पोचतो, हे सदस्यांना सांगणं आवश्यक आहे. देवस्थानच्या हिशेबाची चर्चा होणाऱ्या ग्रुपात बॉट नकोच.

पण शब्दांच्या यादीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी मराठीचा स्वभाव आधी पाहावा. यादीत ‘चोर’ हा शब्द टाकला. गाळणी अक्षरांचा तुकडा शोधत असेल, तर ‘चोर्ला घाटात दरड कोसळली’ हा मेसेजही उडतो, कारण चोर्ला या नावात चोर आहेच. रोमन लिपीत सी-एच-ओ-आर टाकाल तर चोडणच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरं तीच आहेत. फेरीची माहिती देणारा गप्प होतो. बरं, गाळणी पूर्ण शब्दच शोधणारी असेल, तर ‘चोराला’, ‘चोरांनी’, ‘चोरटे’ बिनधास्त सुटतात, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि मूळ रूपही बदलतं. इंग्रजीसाठी बनवलेल्या काही गाळण्या तर मात्रा आणि वेलांटीलाच शब्दाचा शेवट समजतात.

त्याहून चोरटी गोष्ट टंकलेखनाची. ‘ॲडमिन’ हाच शब्द घ्या. ॲ हे एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतं, किंवा अ वर चंद्र देऊन, किंवा मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही जवळजवळ सारखे, यंत्राला तीन वेगळे शब्द. ‘दऱ्या’तल्या आडव्या र चंही तसंच. यादी करताना प्रत्येक शब्द दोन-तीन वेगळ्या कळफलकांवरून टाईप करून टाकावा लागतो. कोकणी, मराठी, हिंदी आणि रोमन लिपीतलं तिन्हींचं मिश्रण, एवढं सगळं एकाच वाक्यात येणाऱ्या गोव्यातल्या ग्रुपात शब्दगाळणी शिव्यांसाठी फार तर निम्मी कामाची. ती लावा दुव्यांना, फोन नंबरांना आणि जुगाराच्या ॲपांच्या नावांना. तिथं ती चोख चालते. आणि शक्य असेल तिथं ‘काढून टाका’ऐवजी ‘ॲडमिनला दाखवा’ हा पर्याय निवडा.

फेसबुक गट: दाराशीच चाळणी

फेसबुकचं बळ आत येतानाच्या तपासणीत आहे. सदस्यत्व मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतात. ‘तुम्ही गोव्याचे का?’ हा प्रश्न वाया जातो, सगळे हो म्हणतात. ‘तुमच्या वाड्याच्या सर्वांत जवळचं देऊळ किंवा कपेल (छोटं चर्च) कोणतं?’ हा प्रश्न बनावट खात्यांना अडवतो. गटाचे नियम दहापर्यंत लिहिता येतात. सहा पुरेत, दहावा कुणी वाचत नाही. पोस्ट काढताना कोणता नियम मोडला ते निवडून लेखकाला कळवता येतं, आणि हे केलंच पाहिजे. कारण न सांगता काढलेल्या पोस्टचा लेखक हमखास पुन्हा तीच पोस्ट टाकतो, अधिक जोरात.

‘ॲडमिन असिस्ट’मध्ये अटी लावता येतात: नवं खातं, दुवा असलेली पोस्ट, ठरावीक शब्द. अशा पोस्टी आपोआप नाकारल्या जातात, पण ॲडमिनला नंतर पाहता येतात. दिवसातून एकदा ती यादी न पाहणारे ॲडमिन चांगले लेखक गमावतात. सदस्याला काही काळ गप्प ठेवणंही इथं जमतं. नाव न दाखवता पोस्ट करण्याची सोय जमीन-रूपांतराच्या तक्रारींसाठी उपयोगी आहे, मात्र ते नाव ॲडमिनांना दिसतं. ॲडमिनांपैकी एखादा पंच किंवा बिल्डरचा माणूस असेल, तर तक्रारदाराला हे आधी माहीत असायला हवं. नियमांत तसं लिहा.

टिप्पण्यांमध्ये मात्र फेसबुक कमजोर पडतं. पोस्ट सभ्य असते, खाली दोनशे उत्तरांत रामायण. ज्या पोस्टवर आग लागली तिच्या टिप्पण्या बंद करणं हाच व्यवहार्य उपाय, आणि तो लवकर करावा.

डिस्कोर्स: सगळ्यात नेटकं, सगळ्यात कष्टाचं

मुक्त स्रोत असलेलं हे चर्चामंचाचं (फोरमचं) सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. किमान १ जीबी रॅम लागते, २ जीबी असावी, आणि ईमेल पाठवण्याची जोडणी नीट न झाल्यामुळे बहुतेकांचं घोडं अडतं. शून्य ते चार अशा विश्वासपातळ्या हा त्याचा कणा आहे. नवा सदस्य पाच विषय उघडून, तीस पोस्टी वाचून, दहा मिनिटं घालवून पहिल्या पातळीवर जातो. तोवर त्याच्यावर दुवे आणि फोटोंची बंधनं असतात. म्हणजे अधिकार वाचनाने मिळतो, ओळखीने नाही. मूळ सेटिंगमध्ये किमान २० अक्षरांची पोस्ट आणि १५ अक्षरांचं शीर्षक लागतं. ‘हो, मिळालं’ लिहिणाऱ्याला ते नाकारतं, तेव्हा हे आकडे खाली आणा. वाचनालय, इतिहास मंडळ, मोठ्या देवस्थानच्या महाजनांची सभा अशांसाठी हे उत्तम. १९३३ च्या महाजनी कायद्यातल्या कलमांवरची चर्चा व्हॉट्सॲपवर वाहून जाते, इथं विषयवार सापडते. वाड्याच्या ग्रुपसाठी याच्या वाटेला जाऊ नये.

ॲडमिनला पोलीस धरतील का?

हा प्रश्न प्रत्येक ग्रुपात येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. दोघांचा समान हेतू दिसावा लागतो. गोवा त्याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये अशीच भूमिका घेतली. पण नागपूरच्या निकालाच्या वेळी ॲडमिनला फक्त सदस्य घेता-काढता येत होते, मेसेज काढता येत नव्हता. आता येतो. तेव्हा तक्रार हातात आल्यावर मेसेज दोन दिवस तसाच ठेवणं शहाणपणाचं नाही.

तीनशे माणसांच्या गावासाठी मांडणी

व्हॉट्सॲपवर घोषणांचा ग्रुप, फक्त ॲडमिन बोलणार: वीज, पाणी, फेरी, मृत्यूची वार्ता, ग्रामसभेची तारीख. चर्चा टेलिग्रामवर, खासगी दुव्याने. चार ॲडमिन, चार वेगळ्या वाड्यांतले, त्यात किमान एक बाई आणि एक रात्री जागणारा. पहिली चूक झाली की ग्रुपात न बोलता तासाभरात खासगी मेसेज: ‘नमस्कार भाई, तुमचा रात्रीचा मेसेज काढला आहे. त्यात शेजाऱ्यांचा फोन नंबर होता. तेवढा वगळून पुन्हा टाका, राहील.’ दुसऱ्यांदा एक दिवस बंद, तिसऱ्यांदा सात दिवस, मग तीस. बाहेर काढायचं ते फक्त बनावट खात्यांना, धमकी देणाऱ्यांना आणि दुसऱ्याचे खासगी फोटो टाकणाऱ्यांना. त्यांना पायऱ्या नकोत.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचाराचा मजकूर बंद, ही सूचना तीन दिवस आधी पिन करा, म्हणजे ऐनवेळी कुणाला वैयक्तिक लागत नाही. आणि दर वर्षी चवथ (गणेश चतुर्थी) झाली की ॲडमिनांची यादी काढा: कोण वर्षभर फिरकला नाही, कोण आता पंच झाला, कोणत्या बॉटला अजून अधिकार आहेत. फिरकला नाही त्याचा अधिकार काढून सदस्यत्व ठेवा, पंच झाला त्याला स्वतःच बाजूला व्हायला सांगा, आणि घोषणा ग्रुपचा दुवा त्याच दिवशी रीसेट करा.